सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस (ऑक्टाव्हियाचं जोरदार मॉडेल) घेतली आहे, पहिलीच टर्बो गाडी. आधी रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) करू की एक्झॉस्ट बदलू?

तुम्ही लिहिलंय, "२००५ ची व्हीआरएस, ९८ हजार किलोमीटर, कोल्हापुरातच असतो, बजेट साठ हजार. आधीच्या मालकाने सगळी सर्व्हिस वेळेवर केलेली आहे, त्यामुळे त्याचं टेन्शन नाही. थेट पॉवर वाढवायची आहे."

ते 'सगळी सर्व्हिस वेळेवर' वाचलं आणि हातातला घास हातात राहिला.

माझ्याकडे हीच गाडी आहे, हेच साल. २०१७ मध्ये पुण्याहून आणली, तेव्हा एक लाख बारा हजार पळालेली. सर्व्हिस बुक असं टापटीप की शाळेतल्या हुशार पोरीची वही वाटावी, पानोपानी शिक्के. ऑइल बदललं याचा शिक्का मारतात हो, पण डब्यातलं कुठलं ओतलं ते त्यावर लिहिलेलं नसतं. हे मला कळायला दीड वर्ष आणि एक जावई खर्ची पडला.

आमचे दाजी, ताईचे मिस्टर. माणूस सोन्यासारखा, पण स्टिअरिंग हातात आलं की घाटाचा राजा. २०१८ च्या नोव्हेंबरात म्हणाले, "पाव्हणं, एक दिवस गाडी द्या, मालवणला जाऊन मासे खाऊन येतो." नाही कसं म्हणणार? जावई. आई चावी घेऊन दारात उभीच होती.

जाताना काही झालं नाही. येताना वैभववाडीकडून करूळ घाट चढले, गाडीत चार माणसं, दुसरा-तिसरा गिअर आणि पाय तळाला. घाटाच्या निम्म्यात लाल ऑइलची लाइट लागली आणि तीनदा पीं पीं पीं झालं. दाजी थांबले नाहीत. गगनबावड्याला पोचल्यावर चहाला थांबले, बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, ऑइल वरच्या खुणेपर्यंत. मला फोन, "ऑइल तर भरलंय की, सेन्सर गेलाय वाटतं." मी म्हणालो, गाडी बंद करा, मी येतो. ते "बरं बरं" म्हणाले आणि निघाले. साळवणच्या पुढे इंजिनातून खटखट, मागनं निळा धूर. तिथून गाडी टोइंगच्या गाडीवर चढली आणि रात्री साडेअकराला रंकाळ्यावरून माझी व्हीआरएस मेलेल्या म्हशीसारखी घरी आली.

घरात पंचायत बसली. दाजींचं म्हणणं, "वीस वर्षं जुनी गाडी (तेव्हा तेराच झाली होती), असलं धूड घ्यायचंच कशाला?" माझं म्हणणं, लाल लाइट म्हणजे थांब, याला ड्रायव्हिंग लायसन्स पण लागत नाही. आई म्हणाली, "जावयाला असं बोलत्यात का?" विषय तिथे संपला, म्हणजे त्यांचा संपला.

आता कामाचं बोलतो. डिपस्टिक सांगते चेंबरात, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल किती आहे. लाल लाइट सांगते ते वरपर्यंत दाबाने पोचतंय का. दोन्हींचा एकमेकांशी तितकाच संबंध, जितका टाकीत पाणी असण्याचा आणि तिसऱ्या मजल्यावर नळ येण्याचा. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या वस्तीत, आमच्या मिस्त्रींनी चेंबर उतरवला. ऑइल पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते, स्ट्रेनर, ती चारातले तीन हिस्से बुजलेली. काळं, कडक, खरपुडीसारखं. कुणीतरी वर्षानुवर्षं स्वस्तातलं मिनरल ऑइल घालून ते पंधरा पंधरा हजार किलोमीटर चालवलेलं. टर्बोजवळ ऑइल भाजतं, त्याचा गाळ होतो आणि तो जाळीत येऊन बसतो. गावात संथ चालवलं तर जाळी कसंबसं पुरवते. घाटात, गरम पातळ ऑइल आणि चढे आरपीएम, पंप ओढतो पण येत नाही. पहिली मरते टर्बोची शाफ्ट, मग कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं.

क्रँक ग्राइंड, अंडरसाइज बेअरिंगं, टर्बो, गॅस्केट, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार. म्हादबा मेस्त्रींसारख्या नामांकित यंत्र-कारागिराचं नाव सांगणाऱ्या गावात राहतो म्हणून एवढ्यात भागलं. क्रँकचं काम उद्यमनगरात ज्या सफाईने झालं, तसं मला पुण्यातही कुणी करून दिलं नसतं. हा अभिमान नाही, बिल आहे माझ्याकडे.

म्हणून तुमचे साठ हजार असे खर्च करा. आधी चेंबर उतरवा. जाळी नवी टाका, धुऊन परत बसवू नका. ऑइल पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ चा उल्लेख असलेलं, आणि सात-आठ हजार किलोमीटरना बदल, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. या इंजिनात बेल्ट तुटला की वॉल (व्हॉल्व्ह) पिस्टनवर आपटतात, आणि वॉल वीस आहेत. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप घ्याच. जुन्या पंपाचा आतला पंखा प्लास्टिकचा, तो शाफ्टवरच सुटा फिरायला लागतो आणि गाडी गरम होते. धातूच्या पंख्याचा मिळतो, तो घ्या.

मग होज, म्हणजे हवेचे रबरी पाइप. वीस वर्षांचं रबर आहे, फाटलेलं असणारच. डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी आपल्याकडे सोपा इलाज आहे. कुठल्याही लेथवाल्याकडून इन्टेक पाइपच्या मापाचं एक बूच ओढून घ्या, मध्ये भोक पाडून ट्यूबचा वॉल बसवा. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या पुढे पाइपात घाला, क्लिप आवळा, पंपाने पंधरा पीएसआयच्या वर न जाता हवा भरा आणि साबणाचं पाणी मारत फिरा. जिथे फुगे, तिथे तुमची पॉवर गळतेय. माझ्या गाडीत तीन जागी निघाले, त्यातला एक डायव्हर्टर वॉलचा (पाय काढला की टर्बोची जास्तीची हवा परत फिरवणारा) फाटलेला पडदा. तो बदलला आणि गाडी अशी ओढायला लागली की मला वाटलं, रीमॅप न करताच रीमॅप झाला. वॅग-कॉमची केबल (लॅपटॉपला गाडी जोडून इंजिनाचे आकडे बघायची) घ्या, ११५ नंबरच्या ब्लॉकमध्ये मागितलेलं बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी दिसतं. ते जुळेपर्यंत ट्यूनरचा फोन उचलू नका. एक इग्निशन कॉइल डिकीत कायम ठेवा, ती जाते आणि रविवारीच जाते.

एवढ्यात तुमचे साठ हजार बहुतेक संपलेले असतील. थोडे उरले तर ब्रेक ऑइल आणि चांगले टायर.

आता हौसेच्या गोष्टी. कोन फिल्टर, म्हणजे बंद डब्याऐवजी लावायचा उघडा शंकूसारखा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनाच्या खोलीतली गरम हवा गाडीला पाजणं, आवाज येतो, बाकी काही नाही. टर्बोची जास्तीची हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लो-ऑफ वॉलचा तो 'छूऽऽ' आवाज ज्यांना आवडतो त्यांनी प्रेशर कुकर घ्यावा. हे इंजिन आत आलेली हवा आधी मोजतं, ती तुम्ही मधूनच बाहेर सोडली की गिअर बदलताना पेट्रोल जास्त पडतं. मागचा सायलेन्सर बदलून घोडे वाढत नाहीत, फक्त गल्लीतली म्हातारी माणसं शिव्या देतात, आणि चौकात पोलीस हात दाखवतात ते वेगळंच. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून इन्शुरन्सवाल्याला तो उद्या सापडणार नाही असं समजू नका. आणि तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची आहे, दर पाच वर्षांनी फिटनेसला उभी करायची आहे. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, तेव्हा पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही त्याच फेरीत बदलून टाका.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर आमच्या घरातला कुणीतरी हे वाचून खाली लिहील. मालवणच्या दोन महिने आधी मी रीमॅप करून आणला होता. आणि त्याच्याही आधी मिस्त्री मला म्हणाले होते, "सायेब, आदी चेंबर उतरवू, आत काय हाय बगू, मग तुमचं ते कॉम्प्युटरचं करा." मजुरी तीन-चार हजार. मला वाटलं, बिल वाढवतायत. मी सर्व्हिस बुक काढून दाखवलं. वर त्या रीमॅपवाल्याने कोन फिल्टर फुकट दिला म्हणून आनंदाने लावून आलो. १५० घोड्यांचे १९० च्या आसपास झाले आणि जाळी बुजलेली ती बुजलेलीच. म्हणजे बंदूक मीच भरून ठेवली होती. तरी चाप ओढला दाजींनीच. लाइट घाटात लागली, साळवण किती पुढे आहे ते बघा नकाशावर. त्या वेळी थांबले असते तर कदाचित नुसत्या टर्बोवर निभावलं असतं, बेअरिंगं वाचली असती. मिस्त्रींनाही विचारलं मी. ते म्हणाले, "आता कशाला इचारताय?" हे उत्तर माझ्या बाजूचं आहे असं मी धरतो.

आणखी एक. तुम्ही नुसतं 'व्हीआरएस' म्हणताय आणि साल २००५ सांगताय म्हणून मी जुनी १.८ टी (१.८ लिटर टर्बो पेट्रोल) धरली. कुणी लॉरा (ऑक्टाव्हियाची पुढची पिढी) व्हीआरएसवाला हे वाचत असेल तर त्यात बेल्ट नाही, चेन आहे, तिचा टेन्शनर बघा आणि ऑइल पितेय का ते बघा. बाकीचं बरंचसं लागू.

तुमचा प्रश्न राहिलाच. रीमॅप. एक्झॉस्टला हात लावू नका. पण रीमॅपआधी क्लच बघा, जुनी प्लेट वाढलेल्या टॉर्कला तिसऱ्या गिअरमध्ये घसरते, आणि त्याचे पैसे साठ हजारांत बसत नाहीत.

ती जाळी मी पिशवीत घालून शोकेसमध्ये ठेवली आहे, आईच्या स्टीलच्या डब्यांशेजारी. दाजी दिवाळीला येतात, बघतात, काही बोलत नाहीत. चेंबर उघडल्यावर तुमची कशी निघाली तेवढं कळवा.