गणेश चवथीआधी गावात जा

अनेक आशीर्वाद.

गावातल्या स्थलांतरावरची तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते, पण पहिल्याच प्रश्नावर मी थांबलो: ‘घरात माणसं किती?’ गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात मीही हाच प्रश्न घेऊन गेलो होतो. ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या आजी म्हणाल्या, “सात.” घरात त्या एकट्याच. थोरला दुबईला. धाकटा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, म्हणून तो, सून आणि तीन नातवंडं मडगावला भाड्याने. मी ‘सात’ खोडून ‘एक’ लिहिलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात सलग सहा महिने किंवा जास्त मुक्काम असेल तेच नेहमीचं राहण्याचं ठिकाण धरतात, त्यामुळे नियमाने माझं बरोबर होतं. पण आजींचा हिशेब मी टाकून दिला, आणि मला शोधायचं होतं ते त्या हिशेबातच होतं. याची खंत मला आजही आहे. तू दोन्ही आकडे लिही.

२०११च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे आपल्याकडचं गाव सोडणं विमानाचं असतं तसं बसच्या दोन तासांचंही असतं, आणि हे दुसरं फार सहज नजरेतून सुटतं.

गावात चवथीच्या आठवडाभर आधी जा. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळा-फुलांची चौकट, बांधतात तेव्हा तिथे बस. कांगलां, माट्टीची फळं, घागऱ्या रानातून कोणी आणल्या आणि कोणाकडे बाजारातून आल्या, ते घरागणिक विचार. रान ओळखणारा पोरगा घरात उरला नाही की माटोळी बाजारावर जाते. सुट्टीला आलेल्यांना मात्र ‘परत कधी येणार कायमचे?’ असं ओसरीवर विचारू नकोस. ते उत्तर तुला नाही, आतल्या म्हातारीला दिलेलं असतं.

गावात आलेल्यांनाही विसरू नकोस. बांधकामावर, बागायतीत झारखंड, ओडिशा, कर्नाटकातली माणसं आहेत. गावकरी त्यांना ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणतील. तो गावकऱ्यांचा शब्द म्हणून टिपून ठेव, तुझ्या लिखाणात तुझा म्हणून येऊ देऊ नकोस. या आलेल्यांनाही तोच पहिला प्रश्न विचार. ते गावाकडचं घर मोजतात की इथली खोली, ते नीट ऐक.

नावं लिहू नकोस, घरांना क्रमांक दे. गाव लहान असतं. नुसतं ‘दुबईवाल्यांचं’ म्हटलं तरी घर ओळखू येतं.

पहिल्या आठवड्याची वही मला पाठव. खाडाखोडीसकट, पुन्हा स्वच्छ न उतरवता.