'चरित्र अभिनेता' की 'बहुरूपी'?

इंग्लिश नट अ‍ॅलेक गिनेस (१९१४–२०००) याच्याविषयी मराठीत लिहिताना त्याला 'चरित्र अभिनेता' (इंग्लिशमधील 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर', म्हणजे नाना तऱ्हांची पात्रे रंगवणारा नट) म्हणावे का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते म्हणू नये.

ही जोडणी आपल्याकडे हिंदी चित्रपटसृष्टीतून आली. हिंदीत 'चरित्र' या शब्दाला कथेतील पात्र असाही अर्थ आहे. मराठीत मात्र चरित्र म्हणजे जीवनकथा, शील म्हणजे चारित्र्य आणि नाटकातला माणूस म्हणजे पात्र किंवा व्यक्तिरेखा. त्यातच 'चरित्रपट' हा शब्द चांगला रुळल्यामुळे, चरित्र अभिनेता म्हणजे थोरांच्या चरित्रपटांत काम करणारा नट, असे एखाद्याला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. (गिनेसने पडद्यावर ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि हिटलरही रंगवला, त्यामुळे या चुकीच्या अर्थाने तो चरित्र अभिनेता ठरतोच!) शिवाय व्यवहारात या शब्दाचा अर्थ नायकाचे वडील, काका किंवा न्यायाधीश होणारा दुय्यम नट इतका आक्रसला आहे, आणि गिनेस दुय्यम नव्हता. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) या चित्रपटातील, जपान्यांच्या कैदेत असलेल्या ब्रिटिश कर्नल निकल्सनसाठी त्याला मिळालेले ऑस्कर प्रमुख भूमिकेचे होते.

मी 'बहुरूपी नट' सुचवीन. गावोगाव सोंगे घेऊन हिंडणाऱ्या लोककलावंताचा हा शब्द कोणाला हलका वाटेल. पण नट चिंतामणराव कोल्हटकरांनी आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिले आणि त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) मध्ये पस्तिशीच्या गिनेसने एकाच उमराव घराण्यातील आठ जण उभे केले, आणि त्यांतली एक स्त्री होती. त्याआधीच्या वर्षी, 'ऑलिव्हर ट्विस्ट' या चित्रपटातील फॅगिन या म्हाताऱ्या ज्यू पात्रासाठी त्याने लावलेले भलेमोठे नाक ज्यूंची विटंबना करणारे ठरवले गेले आणि अमेरिकेतील प्रदर्शन १९५१ पर्यंत लांबले.

बहुरूपी म्हटले की रंगरंगोटी डोळ्यांपुढे येते, हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो निर्णायक वाटत नाही. निकल्सनच्या चेहऱ्यावर काहीच चढवलेले नाही. तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर पडल्यावरची त्याची अडखळती, तरीही ताठ राहू पाहणारी चाल गिनेसने पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाच्या चालण्यावरून घेतली होती. रूप पालटणे म्हणजे हेच. उलट 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) मधील प्राध्यापक गोडबोले या भूमिकेत रंग दिसला आणि माणूस हरवला, असे माझे मत आहे. फॉर्स्टरच्या मूळ कादंबरीतील हे पात्र दख्खनी ब्राह्मणाचे, तुकारामाचे नाव घेत कीर्तनात रंगणारे. ते इंग्लिश नटाला दिल्याबद्दल तेव्हा टीकाही झाली.

आता वापराविषयी. 'बहुरूपी' हे नाम म्हणून योजल्यास सामान्यरूप होते: 'या बहुरूप्याने', 'बहुरूप्याची कारकीर्द'. विशेषण म्हणून योजल्यास शब्द बदलत नाही: 'बहुरूपी नटाने', 'बहुरूपी अभिनेत्रीला'. गिनेसबाबत विशेषणच सोयीचे, कारण नुसते 'बहुरूप्याने' म्हटले तर वाचकाला दारात आलेला खरा बहुरूपीच आठवेल.