कलाकार जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?
शास्त्रज्ञांच्या कामाची नुसती चित्रं काढतात का, असं तुम्ही विचारलंय. नाही, स्वतः पिपेट हातात घेऊन प्रयोगही करतात. माझं सर्वांत आवडतं उदाहरण बेंगळुरूचं. २००९ साली तिथल्या ‘सृष्टी’ या कला-डिझाइन संस्थेचे विद्यार्थी आयजेम या जैवतंत्रज्ञान स्पर्धेत उतरले. विषय काय निवडला, तर मृद्गंध! जीवाणूंकडून औषध किंवा इंधन नव्हे, पहिल्या पावसाचा वास मागायचा, हे कलाकारालाच सुचतं. हा वास बराचसा जिओस्मिन या रेणूचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू तो तयार करतात. तो तयार करणारं जनुक या मुलांनी शास्त्रज्ञांच्या मदतीने ई. कोलाय जीवाणूत घातलं, आणि प्रयोगशाळेतल्या बशीला ओल्या मातीचा वास आणला.