वाचक विचारतात : हार्पर्स फेरीचे रस्ते आणि एक स्थलांतरित इमारत

प्रश्न : अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हार्पर्स फेरी हे गाव नकाशात ठिपक्याएवढे दिसते, मग रेल्वे, कालवा आणि महामार्ग हे सगळे तिथेच का एकवटले? तसेच, तिथला ‘जॉन ब्राउनचा किल्ला’ मूळ जागी नाही असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : पोटोमॅक आणि शेनान्डोआ या दोन नद्यांचा संगम जिथे होतो, त्या चिंचोळ्या टोकावर हे गाव वसले आहे. संगमापुढे पोटोमॅक ब्लू रिज डोंगररांग फोडून पूर्वेकडे निघते आणि डोंगरातली ही खिंडच सगळ्या मार्गांच्या एकवटण्याचे कारण आहे. 1747 मध्ये इथे आलेल्या रॉबर्ट हार्पर यांनी माणसे आणि माल पैलतीरी नेणारी नाव, म्हणजे इंग्रजीत ‘फेरी’, चालवली; गावाचे नाव तिच्यावरूनच पडले. पुढे 1833 मध्ये चेसापीक-ओहायो कालवा आणि 1834 मध्ये बाल्टिमोर-ओहायो रेल्वे समोरच्या मेरीलँडच्या काठावर येऊन पोहोचली. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये सपाट जमीन इतकी थोडी, की खालच्या गावात शेनान्डोआ स्ट्रीट आणि पोटोमॅक स्ट्रीट नदीच्या कडेकडेने जातात, तर हाय स्ट्रीटला थेट चढच घ्यावा लागतो. आजचा 340 क्रमांकाचा महामार्ग मात्र खालच्या गावात न शिरता बाहेरून जातो आणि पूर्वेकडून येणाऱ्याला मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या तिन्ही राज्यांत थोड्याच वेळात नेतो.

किल्ल्याविषयी आपण ऐकले ते खरे आहे. मुळात तो किल्ला नव्हेच. 1848 मध्ये सरकारी शस्त्रकारखान्याच्या आवारात बांधलेला, तीन कमानदार दारांचा तो विटांचा बंबखाना होता. गुलामगिरीविरुद्ध उठाव घडवण्यासाठी जॉन ब्राउन यांनी 16 ऑक्टोबर 1859 च्या रात्री हा कारखाना ताब्यात घेतला, पण ते याच इमारतीत कोंडले गेले. 18 तारखेच्या सकाळी सेनाधिकारी रॉबर्ट ई. ली यांच्या हुकुमाखालील मरीन सैनिकांनी दार फोडून त्यांना पकडले आणि 2 डिसेंबरला जवळच्या चार्ल्स टाउन येथे त्यांना फाशी देण्यात आले. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात कारखाना नष्ट झाला. तेवढा बंबखाना वाचला.

त्यानंतर या इमारतीचा प्रवास सुरू झाला. 1891 मध्ये ती उतरवून जागतिक प्रदर्शनासाठी शिकागोला नेली, 1895 मध्ये परत आणून गावाजवळच्या एका शेतावर उभी केली, 1909 मध्ये ती गावातल्याच स्टोरर कॉलेजच्या आवारात गेली आणि 1968 मध्ये खालच्या गावात परतली. मूळ जागेवर तोवर रेल्वेचा उंच भराव झालेला असल्यामुळे ती तिथून सुमारे 150 फुटांवर उभी आहे. मूळ जागा भरावावरचा एक दगडी स्तंभ दाखवतो. पण म्हणून ती इमारत खोटी ठरते असे मला वाटत नाही. 1906 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आणि कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठीच्या नायगारा चळवळीतील त्यांचे सहकारी हिच्या दर्शनाला आले, तेव्हा ती त्या शेतावर होती. तरीही त्यांनी पवित्र स्थळी जावे तसे जोडे-मोजे काढून अनवाणी पावलांनी तिथे प्रवेश केला.

प्रश्न : गाव पाहण्यासाठी मोटार आत नेता येते का?

उत्तर : खालच्या गावात मोटार लावायला जागा फारच थोडी आहे, त्यामुळे टेकडीवरील राष्ट्रीय उद्यानाच्या अभ्यागत केंद्रापाशी ती ठेवून तिथल्या बसने खाली जावे. पोहोचल्यावर आधी पोटोमॅक नदीच्या बाजूच्या भिंतीवरील पुराच्या खुणा पाहाव्यात. 1936 च्या पुरात पाणी साडेछत्तीस फुटांपर्यंत चढले होते. मग खडकातच कोरलेल्या पायऱ्यांनी, 1782 मध्ये पूर्ण झालेल्या हार्पर हाउसवरून आणि सेंट पीटर चर्चवरून चढत जेफरसन रॉकपर्यंत जावे. 1783 मध्ये इथून दिसलेल्या संगमाविषयी, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांनी लिहिले, की या दृश्यासाठी अटलांटिक ओलांडून यावे. तो खडक पुढे डळमळीत झाल्याने त्याची वरची शिळा आता चार दगडी खांबांवर टेकवलेली आहे. तिच्यावर चढण्यास मनाई आहे, परंतु शेजारी उभे राहूनही दोन्ही नद्या आणि पुढची खिंड एका नजरेत दिसते.