आठ महिने झाले, आता हात येणारच नाही का?

किराणा दुकान चालवणारे ५२ वर्षांचे एक गृहस्थ बायको आणि मुलासोबत आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकून उजवी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी सुधारला, काठीशिवाय चालत होते. हात मात्र मांडीवर पडून. वहिनींनी विचारलं, “जे काही यायचं ते सहा महिन्यांत येतं म्हणतात. आता आठ झाले. मनाची तयारी करायची का?”

लकवा झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरात हा प्रश्न असतो, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. झटक्यानंतर मेंदूची सूज उतरते, इजा झालेल्या जागेभोवतीचा गप्प झालेला भाग पुन्हा कामाला लागतो. ही आपोआप होणारी सुधारणा बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होते, मग तिचा वेग मंदावतो. पण सरावातून शिकणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते सहा महिन्यांनंतर थांबत नाही. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२२ रुग्ण होते, सगळे झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. ज्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मोजा चढवून दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेतलं, त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

टेबलावर स्टीलचा रिकामा पेला ठेवून तो उजव्या हाताने उचलायला सांगितलं. आधी खांदा कानाकडे गेला. मग धड पुढे झुकलं. कोपर वाकलेलंच, मूठ आवळलेली. तेवढ्यात वहिनींनी पेला त्यांच्याकडे सरकवला आणि त्यांनी तो डाव्या हाताने उचलला. आठ महिने घरात हेच चाललं होतं: घास भरवणं, बटणं लावून देणं, नोटा मुलाने मोजणं. सगळं मायेपोटी. पण प्रयत्न फसतो, दुसरा हात पटकन काम करून टाकतो, आणि दुबळा हात वापरायचा नसतो हे मेंदू पक्कं शिकतो. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने हे माकडांमध्ये दाखवलं. एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्यावर माकडं तो हात वापरेनात. चांगला हात बांधला, की वापरू लागली.

म्हणून आधी एक तपासणी. हात टेबलावर आडवा ठेवून पंजा कडेबाहेर लोंबता सोडायचा आणि मनगट वर उचलायला सांगायचं. त्यांचं मनगट साधारण १५ अंश उचललं गेलं, अंगठा आणि दोन बोटं थोडी उघडली. निदान १० अंश तरी हालचाल असेल तरच मोज्याचा उपाय लागू पडतो. अजिबात हालचाल नसेल तर तो नुसता छळ होतो. तिथे आरशात चांगल्या हाताची हालचाल बघत करायचा सराव किंवा विजेच्या सौम्य झटक्यांचा उपचार फिजिओथेरपिस्ट (फिजिओ) सुचवतात.

घरी ते रोज रबरी चेंडू दाबत होते. तो बंद करायला सांगितला. लकव्यात मूठ आवळणारे स्नायू बहुतेकदा आधीच ताठलेले असतात. अडतं ते बोटं उघडण्यात, आणि चेंडूने त्याचा सराव होत नाही.

फिजिओंसोबत बसून ठरवलं ते असं. रोज दोन तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार भाग, डाव्या हातात स्वयंपाकघरातला जाड मोजा. धड झुकू नये म्हणून छातीभोवती ओढणी सैलसर गुंडाळून खुर्चीच्या पाठीला बांधायची. कामं दुकानातलीच: पेला उचलून वीतभर उंच ठोकळ्यावर ठेवणं, राजम्याचे दाणे एकेक करून वाटीत टाकणं, साबणाच्या वड्या रचणं. प्रत्येक काम निदान ३० वेळा. पाचातले चार प्रयत्न जमू लागले की थोडं अवघड करायचं: पेल्यात दोन घोट पाणी, दाणा राजम्याऐवजी हरभऱ्याचा. सोपं तेच घोटत राहिलं तर हात थकतो, मेंदू शिकत नाही. जिना, ओली मोरी, गरम चहा, सुरी या वेळी मोजा काढायचाच. उठवताना दुबळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही. सैल पडलेला खांदा निसटतो, आणि त्याच्या दुखण्यापायी महिनोन्महिने सराव बंद पडतो.

सगळ्यात जड काम वहिनींकडे होतं: नवरा पेल्याशी झगडत असताना मनात वीस आकडे मोजायचे आणि मध्ये पडायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्या उठून आत जायच्या. गृहस्थांची झोप उडालेली होती, दुकानाचं नाव काढलं की डोळे भरून यायचे. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि मग सरावावरचं मनच उडतं, म्हणून त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं आणि औषध सुरू झालं.

चार महिन्यांनी ते पेला स्वतः तोंडाशी नेत होते, सुटी नाणी गल्ल्यातून काढत होते, सावकाश. पुडीला दोरा बांधणं अजून जमत नाही, लिहिणं डाव्या हातानेच चालतं, आणि कदाचित तसंच राहील, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. सध्या दोऱ्याऐवजी कागदी पिशवीचं तोंड दुमडण्याचा सराव चालू आहे.