प्रश्न तुमचे : चौघांचं प्रोजेक्ट आणि कोड लिहिणारा एकटाच

ताई, नमस्कार. मी घणसोलीला राहतो, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या फायनल इयरला आहे. आमचा चौघांचा ग्रुप, प्रोजेक्ट म्हणजे हाउसिंग सोसायटीचं ॲप. त्यात मेंटेनन्सची बिलं, तक्रारी, गेटवर येणाऱ्यांची नोंद, पार्किंग, पाण्याचे टँकर, नोटीस बोर्ड असं सगळं टाकलंय. ऑगस्ट अर्धा संपला, ऑक्टोबरच्या मध्याला डेमो आहे आणि कोड मी एकटाच लिहितोय. एकाने फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या स्क्रीन) घेतलं होतं, त्याने तीन स्क्रीनची डिझाइन्स दाखवली, बस. एकीची प्लेसमेंटची तयारी चालू आहे, एक म्हणतो मी रिपोर्ट बघतो. ग्रुपवर विचारलं की ‘हो भाई, वीकेंडला बसू’. माझा एक मित्र चांगला कोडिंगवाला आहे, त्याला पाचवा म्हणून घेऊ का? की सरळ सरांना सांगून टाकू?

मित्राला घेऊ नकोस. आत्ता तरी नाहीच. आयबीएममध्ये ओएस/३६० ही अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टीम ज्यांच्या देखरेखीखाली बनली त्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर नवीन माणसं घातली की त्याला अजूनच उशीर होतो. कारण साधं आहे, नवीन माणसाला सगळं समजावणार कोण, तर जो आत्ता काम करतोय तोच, म्हणजे तूच. शिवाय चौघांत आपापसात बोलणाऱ्या जोड्या ६ असतात, पाच झाले की १० होतात, आणि तुमचं घोडं तर ६ जोड्यांतच अडलंय.

आधी कॅलेंडर उघड. दिसायला आठ आठवडे दिसतात, पण त्यातले गणपती काढ (ग्रुपमधलं कोणी कोकणात जाणार असेल तर आजच विचार, तिकिटं केव्हाची निघालेली असतात आणि तो माणूस आठवडाभर नेटवर्कमध्येही नसतो), इंटर्नल टेस्टचा आठवडा काढ, आणि डेमोच्या आधीचा शेवटचा आठवडा नवीन काही न लिहिता फक्त दुरुस्त्यांसाठी ठेव. हातात उरले पाच. पाच आठवड्यांत सहा मॉड्यूल होत नाहीत, दोन मात्र नीट होतात. तक्रारी आणि बिलं ठेवा, बाकीचं रिपोर्टमध्ये ‘पुढील काम’ म्हणून जाऊ दे. सरांना हे डेमोच्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ताच जाऊन सांगा, स्कोप (कामाचा आवाका) कमी करायला वेळेवर कारण सांगितलं तर बहुतेक गाइड ऐकतात.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच मला सगळ्यात जास्त ग्रुप बुडताना दिसतात. तुम्ही कामाची वाटणी केलीय फ्रंटएंड एकाकडे, बॅकएंड (मागचा, डेटा सांभाळणारा भाग) एकाकडे, रिपोर्ट एकाकडे अशी. प्रत्येकाचं आपापल्या लॅपटॉपवर चालतं आणि शेवटच्या आठवड्यात जोडायला बसलं की काहीच जुळत नाही. तुमच्याच ॲपचं उदाहरण घे ना, फ्लॅट नंबर. बॅकएंडवाला टेबल बनवताना तो कॉलम नंबर म्हणून ठेवणार, ७०२. फ्रंटएंडवाला फॉर्ममध्ये लोक जसं लिहितात तसंच घेणार, ‘बी-७०२’. तक्रार पाठवली की डेटाबेस एरर देणार, स्क्रीनवर नुसतंच ‘समथिंग वेंट राँग’ येणार आणि डेमोच्या आदल्या रात्री दोन वाजता चौघं शोधत बसणार की बिघडलंय कुठे. आणि नुसता ७०२ ठेवून भागतच नाही, कारण ए विंगमध्येही ७०२ आहे, म्हणजे विंगचा कॉलम वेगळा हवा आणि तो आला की बिलाचं टेबलही बदललं. हीच गोष्ट पहिल्या आठवड्यात सापडली असती तर दहा मिनिटांचं काम होतं!

म्हणून येत्या दोन आठवड्यांत एकच गोष्ट करा. रहिवासी लॉगिन करतो, तक्रार टाकतो, सेक्रेटरीला ती यादीत दिसते, तो ‘झालं’ करतो, रहिवाशाला ते दिसतं. दिसायला कितीही ओबडधोबड असू दे, रंग नको, लोगो नको, पण स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत जाऊन परत यायला हवं आणि चौघांच्याही लॅपटॉपवर चालायला हवं. हे एकदा चाललं की ते कधी बंद पडू द्यायचं नाही, पुढचं सगळं त्यावरच चढवायचं.

मग वाटणी फीचरप्रमाणे. बिलं एकाकडे म्हणजे त्याची स्क्रीन, त्याची एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस जोडणारा भाग), त्याचं टेबल सगळं त्याच्याकडे, अडला तर तू मदत कर पण त्याचं काम तू लिहून देऊ नकोस. मला वाटतं तुझी खरी सवय तीच आहे, कोणी उशीर केला की रात्री बसून स्वतःच करून टाकायचं, आणि मग बाकीच्यांना करायला काही उरतच नाही. प्लेसमेंटवाल्या मैत्रिणीशी ग्रुपवर नाही, समोर बसून बोल. इंटरव्ह्यूला प्रोजेक्टवर हमखास विचारतात, तेव्हा एक लहान पण पूर्ण स्वतःचं फीचर तिच्याही कामाचं आहे. रिपोर्टवाल्याला टेस्टिंग दे, रिकामा फॉर्म पाठवून बघ, एकच बिल दोनदा भरून बघ, रहिवाशाच्या लॉगिनने सेक्रेटरीचं पान उघडतंय का बघ. असं करणाऱ्याचा रिपोर्टही चांगला होतो कारण त्याला ॲप आतून माहीत असतं.

‘वीकेंडला बसू’ बंद करा. एक शेअर्ड शीट, त्यात काम, नाव, तारीख. काम असं लिहायचं की झालं की नाही यावर वाद होऊच शकणार नाही. ‘तक्रारींचं बघ’ हे काम नाही, ‘तक्रार सेव्ह झाली की रिफ्रेश न करता यादीत दिसायला हवी, गुरुवारपर्यंत’ हे काम. आणि आठवड्यातून दोनदा लेक्चर संपल्यावर कॉलेजमध्येच वीस मिनिटं भेटा, घरी पोचल्यावर ऑनलाइन ठेवलं की कोणी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत अडकलेला असतो, कोणी जेवत असतो.

कोड झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर आजच थांबवा आणि गिट वापरा, म्हणजे कोडमध्ये कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद ठेवणारं साधन. प्रत्येकाची वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा), मेनमध्ये म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडमध्ये टाकण्याआधी दुसऱ्या कोणीतरी एकदा चालवून बघायचं, डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल कधीच पुश करायची (वर चढवायची) नाही. आणि एक बारीक गोष्ट, एकाच लॅपटॉपवर बसून काम केलं की सगळे कमिट (नोंदवलेले बदल) त्या लॅपटॉपवाल्याच्या नावावर पडतात, मग ज्याने खरंच काम केलं त्याचं नाव कुठेच दिसत नाही. बसण्याआधी गिट कॉन्फिगमध्ये नाव आणि ईमेल बदलून घ्या.

कोणी काम करत नाही हे सरांना सांगायचं ते याच्यानंतर. दोन आठवडे शीट चालवून बघ. तरी एखाद्याची तीन-तीन कामं तारीख उलटून पडलीच असतील तर आधी त्याला सांग की मी सरांकडे जातोय, मग शीट आणि कमिटची यादी घेऊन जा. ‘तो काही करत नाही’ म्हटलं की भांडण वाटतं, कागद समोर ठेवला की सरांना त्यावर काहीतरी ठरवता येतं.

मी खारघरची, थर्ड इयर. मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये मेथडॉलॉजी लिहायची आहे. सीनियर म्हणतात अजाइल लिही, वॉटरफॉल जुनं झालं. आम्ही तर ठरवून काहीच केलं नाही. काय लिहू?

जे केलं ते लिही. वॉटरफॉल म्हणजे एक पायरी पूर्ण करून मगच पुढची, त्या पायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या पेपरमधली, आणि त्यांनी तिथेच म्हटलंय की नुसतं असं सरळ खाली जाणं धोक्याचं आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि चूक तेव्हा कळते. अजाइलचा जाहीरनामा २००१ चा, १७ जणांनी मिळून लिहिलेला, त्याचा गाभा म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर थोड्या थोड्या दिवसांनी दाखवत राहा आणि बदल झाला तर सामावून घ्या. तुम्ही दर पंधरा दिवसांनी गाइडना काहीतरी चालतं दाखवलं असेल तर अजाइल लिहायला हरकत नाही. नसेल दाखवलं तर स्प्रिंट (ठरावीक दिवसांचे कामाचे टप्पे) आणि स्क्रमची (अजाइलच्या एका पद्धतीची) पानं भरू नका, व्हायव्हात पहिलाच प्रश्न येतो ‘तुमच्या दुसऱ्या स्प्रिंटमध्ये काय होतं?’ आणि सगळे एकमेकांकडे बघतात. गँट चार्टही (कामं आणि तारखांचा तक्ता) आत्ताच काढ, आधी ठरवलेली तारीख आणि खरी तारीख शेजारी शेजारी. उशीर दिसला तर दिसू दे, तो का झाला हे तुला सांगता आलं की झालं.

ठाण्याहून लिहितोय, बीएस्सी आयटी. घरी चालणारं ॲप कॉलेजमध्ये डेमोला उघडलंच नाही, नुसतं फिरत राहिलं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

फुकटच्या होस्टिंगवर (ॲप इंटरनेटवर चालवणाऱ्या सेवेवर) ठेवलंय ना? बऱ्याच ठिकाणी काही वेळ कोणी वापरलं नाही की सर्व्हर झोपवून ठेवतात, मग पहिल्यांदा उघडायला कधी कधी मिनिटभर लागतं आणि परीक्षकांसमोर ते मिनिट फार मोठं वाटतं. नंबर यायच्या दहा मिनिटं आधी लिंक उघडून दोन-चार पानं फिरून ठेव. कॉलेजचं वायफाय काही साइट ब्लॉक करतं, म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट आदल्या दिवशी त्याच लॅबमध्ये लावून बघ, कोपऱ्यातल्या लॅबमध्ये रेंज नसते. लॅपटॉपवर लोकल कॉपी डेटाबेससकट चालू ठेव. आणि खोटा डेटा नीट भरून ने, ‘टेस्ट१’, ‘एबीसीडी’ असली नावं नकोत, दहा-बारा खऱ्यासारख्या नोंदी असल्या की बघणाऱ्याला ॲप कशासाठी आहे ते लगेच कळतं.