वाचक विचारतात : पूर्व आफ्रिकेतला वितरक पारखायचा कसा?

प्रश्न : वसईला आमचा पाठीवरच्या फवारणी पंपांचा कारखाना आहे. प्रदर्शनात भेटलेला नैरोबीचा एक व्यापारी वर्षाला दोन कंटेनर उचलतो म्हणतो, पण केनिया, युगांडा आणि टांझानिया तिन्ही देशांची एकमेव एजन्सी मागतो. द्यावी का?

उत्तर : एका देशाची लगेच नको, तिघांची कधीच नको. या देशांचा सीमाशुल्क संघ 2005 पासून असला तरी व्यापाराच्या वाटा वेगळ्या आहेत. टांझानियाचा माल दार-ए-सलामला उतरतो आणि करियाकूच्या बाजारातून फुटतो. कंपालाची घाऊक पेठ किकुबो. नैरोबीवाल्याकडे तिथली उधारी वसूल करणारी माणसं बहुधा नसतात. तो एका देशात विकतो आणि उरलेल्या दोन देशांत तुमची वाट अडवून ठेवतो.

आधी कागद बघा. केनियातली कंपनी असेल तर ताजा सीआर-12 मागा. हा कंपनी नोंदणीचा अधिकृत उतारा. त्यात संचालक आणि भागधारकांची नावं असतात. तुमच्याशी बोलणारा त्यात नसेल, तर सही करायचा अधिकार त्याला कोणी दिला ते लेखी घ्या. केआरएचा, म्हणजे तिथल्या कर खात्याचा, पिन (करदात्याचा क्रमांक) त्यांच्या आयटॅक्स पोर्टलवर पडताळा, करपूर्ततेचं प्रमाणपत्रही मागा. टांझानियात कंपनी नोंदणीची हीच चौकशी ब्रेलाकडे, युगांडात यूआरएसबीकडे.

खरी परीक्षा पुढे आहे. चाचणीच्या शंभर पंपांचं प्रोफॉर्मा (विक्रीआधीचं कच्चं) बिल पाठवा आणि आयात घोषणापत्राचा, म्हणजे आयडीएफचा, क्रमांक मागा. स्वतःच्या नावावर नेहमी आयात करणारा तो काही दिवसांत काढून देतो. ‘ते सगळं आमचा एजंट बघतो’ असं उत्तर आलं तर सावध व्हा : हा माल इतरांच्या मालात मिसळून भलत्याच नावावर सुटण्याची शक्यता असते, आणि पुढे वाद झाला तर याने आयात केल्याचा कागदच नसतो. केब्स या तिथल्या मानक संस्थेच्या निर्यातपूर्व तपासणीसाठीही, म्हणजे पीव्हीओसीसाठी, हा क्रमांक लागतो. या तपासणीचं प्रमाणपत्र न घेता माल गेला तर दंड, तिथली तपासणी आणि बंदराचं भाडं असं तिहेरी बिल येतं. तपासणीची किमान फी ठरलेली असल्याने शंभर नगांवर ती नगामागे जड जाते. ती चाचणीच्या खर्चात धरा.

पंप तिथे ‘ॲग्रोव्हेट’ दुकानांत विकले जातात. बियाणं, खतं, जनावरांची औषधं, सगळं एकाच छताखाली. त्याच्याकडून अशा चाळीस दुकानांची यादी घ्या. त्यातली दहा तुम्ही निवडा, नाकुरू, मेरू, एल्डोरेट अशी विखुरलेली. शेवटचा माल कधी आला, उधारी किती दिवसांची, आणि वायसर मिळतो का, एवढं विचारा. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पंप टाकीमुळे क्वचितच बंद पडतो. वायसर, ट्रिगर, नोझल यांनी पडतो. सुटा भाग मिळाला नाही की दुकानदार पुढच्या वेळी चिनी पंप ठेवतो. शंभर पंपांबरोबर निदान शंभर वायसर संच, तीस नोझल आणि वीस ट्रिगर पाठवाच.

वेळही सांभाळा. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. माल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुकानात हवा, म्हणजे न्हावा शेवातून डिसेंबरअखेर निघायला हवा. एप्रिलमध्ये पोचलेला माल ऑक्टोबरपर्यंत गोदामात बसतो, आणि वितरक तेच कारण सांगून पैसे थांबवतो.

नैरोबी-मोंबासात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली गुजराती घराणी आहेत. चहावर गप्पा रंगतात, सगळं घरचंच वाटतं. बोलणं सोपं होतं, एवढाच त्याचा फायदा. चौकशीतली एकही पायरी गाळू नका.

पहिलं वर्ष एजन्सी खुली ठेवा. मग एका देशापुरती द्या, तिमाही उद्दिष्टासह : सलग दोन तिमाह्या चुकल्या की एकाधिकार संपला. वादासाठी लवादाचं कलम घाला. मुंबईच्या कोर्टाचा हुकूमनामा नैरोबीत बजावणं अवघड. लवादाच्या निवाड्याला न्यूयॉर्क कराराचा, म्हणजे परदेशी लवादाचे निवाडे मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, आधार मिळतो.

प्रश्न : नागदेवी स्ट्रीटवरून नळजोडण्या निर्यात करतो. केनियातला घेणारा 90 दिवसांची उधारी मागतो.

उत्तर : त्याचे पैसे कुठे अडकतात ते आधी बघा. काउंटी (तिथले जिल्ह्यासारखे प्रांत) सरकारांच्या कामांवर माल देणारा असेल तर तिथली बिलं थकतात, आणि ती थकबाकी तुमच्यापर्यंत येते. सुपरमार्केटचंही तेच : नाकुमॅट बुडाली, पाठोपाठ टस्कीज गडगडली, आणि पुरवठादार हात चोळत बसले.

पहिल्या दोन खेपांना 30 टक्के आगाऊ, उरलेले बँकेमार्फत कागदपत्रं सोडवताना. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, ‘टू ऑर्डर’च करा, त्याच्या नावावर नको. नाहीतर त्याने माल नाकारला की दुसऱ्याला विकायलाही त्याची संमती लागू शकते, आणि तोवर कंटेनरचं भाडं चढत राहतं. त्यानंतर 30 दिवस, मग 60. ईसीजीसीकडे, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे, या खरेदीदाराची मर्यादा मागा. ती कापून आली तर तेच त्याच्याबद्दलचं उत्तर समजा. मात्र गुणवत्तेवरून वाद निघाला की विम्याचा दावा अडतो. म्हणून प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल आणि सीलबंद नमुना जपून ठेवा.

बिल डॉलरमध्येच करा. जानेवारी 2024 मध्ये डॉलर 160 केनियन शिलिंगांच्या आसपास गेला होता, नंतर 130 च्या घरात उतरला. लांब उधारीत असा झोका आला की घेणारा सूट मागायला येतो.

प्रश्न : डोंबिवलीत मसाल्यांचा धंदा आहे. वितरक म्हणतो, ब्रँड तिथे मी माझ्या खर्चाने नोंदवतो.

उत्तर : मुळीच नको. उद्या वितरक बदललात तर तुमचाच माल नकली ठरवून तो अडवू शकतो. केनिया माद्रिद व्यवस्थेत, म्हणजे एकाच अर्जावर अनेक देशांत ब्रँड नोंदवायच्या आंतरराष्ट्रीय सोयीत, आहे, भारतही 2013 पासून. इथल्या अर्जाच्या आधारावर इथूनच नोंदणी मागता येते. युगांडा आणि टांझानियात स्थानिक एजंटमार्फत वेगळे अर्ज करावे लागतात, आणि झांझिबारचा आणखी निराळा. त्याने आधीच अर्ज केला असेल तर केनियात जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून 60 दिवसांत हरकत घ्या.